पाऊणातून अर्धा गेला, उरला एक

मुलगी सहावीतली, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणारी, मराठी माध्यमाच्या शाळेत जाणारी. वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत भाजीपाला मार्केटला माथाडी. आई संध्याकाळी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाजी विकते. शाळा सुटली की मुलगी थोडा वेळ आईजवळ बसते आणि मग आमच्या अभ्यासिकेत येते. तिचं नाव इथे देत नाही.

सहामाही जवळ आली तेव्हा शाळेतून निरोप आला, की हिचं बाकी गणित बरं आहे, फक्त अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्या. असा निरोप आला की पुढचं ठरलेलंच असतं: लसावि काढायची रीत पुन्हा सांगायची आणि वहीची दोन पानं भरतील एवढी उदाहरणं द्यायची. ते करण्याआधी तिला कोऱ्या कागदावर थोडी उदाहरणं मिसळून दिली. पुस्तकात असतं तसं वर 'समच्छेद अपूर्णांकांची बेरीज' वगैरे शीर्षक नाही, सोडवून दाखवलेला नमुनाही नाही. तिचा कागद असा आला:

१/२ + १/३ = २/५
२/७ + ३/७ = ५/१४
१/४ + १/२ = २/६ = १/३
५/८ + ४/७ = ९/१५ = ३/५
३/४ − १/२ = २/२ = १

पाचांपैकी एकही बरोबर नाही. पण निष्काळजीपणाही कुठे नाही. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत हा नियम तिने शेवटपर्यंत इमानेइतबारे पाळला आहे. ९/१५ चं ३/५ आणि २/६ चं १/३ बिनचूक केलं आहे, म्हणजे अतिसंक्षिप्त रूप द्यायला तिला येतं. गंमत म्हणजे २/७ + ३/७ सारखी उदाहरणं तिच्या शाळेच्या वहीत बरोबर आहेत, पानभर लाल खुणा आहेत. तिथे वर शीर्षक होतं. शीर्षक काढून घेतल्यावर रीतही गेली.

मला सगळ्यांत जास्त खटकलं ते शेवटचं उदाहरण. पाऊणातून अर्धा काढला आणि उरला पूर्ण एक. २/२ म्हणजे १, हे तिने स्वतः लिहिलं आणि लिहून शांतपणे कागद माझ्या हातात दिला. उत्तर सगळ्यांचंच चुकतं. मिळवून कमी झालं, वजा करून वाढलं, तरी काहीच वाटलं नाही, हे निदान करायला जास्त उपयोगाचं.

तिची आई तिला न्यायला आली तेव्हा हा कागद दाखवला. "हिच्या हिशोबानं पाऊण किलोतून अर्धा किलो विकला की एक किलो उरतो," असं म्हटल्यावर ती हसली. "मग बरंच की ओ ताई, आमचा माल कधी संपायचाच नाही."

मिरचीचं गणित आणि अपूर्णांकाचं गणित

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून विचारलं, "पाव किलो मिरची आणि अर्धा किलो मिरची एका पिशवीत टाकली. किती झाली?"

"पाऊण."

उत्तर यायला क्षणही लागला नाही. पाऊणातून अर्धा गेला तर? "पाव." दीड किलोतून पाऊण? "पाऊणच राहतो." हे सगळं ती रोज ठेल्यावर करते. मग १/४ + १/२ चं उदाहरण पुढे केलं आणि हे तेच आहे का, असं विचारलं. ती थोडा वेळ बघत राहिली. "नाही. ते मिरचीचं आहे. हे अपूर्णांकाचं आहे."

यावर लगेच उपाय सुचतो: भाजी-किलोच्या भाषेतच शिकवा, की झालं. तो मोह मी आवरला, आणि आवरायलाच हवा होता असं अजूनही वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही घराघरातली शिदोरी मोठी आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढेच पाठ करून घेत. पण हे सगळं दोन आणि चारच्या घरातलं आहे. एक तृतीयांश किलो मिरची कुणी मागत नाही, दोन पंचमांश कुणी तोलत नाही. ठेल्यावरचं ज्ञान पाऊणापर्यंत नेतं आणि १/२ + १/३ च्या दारात सोडून देतं. त्याचा उपयोग उत्तर तपासायला. रीत दुसरीकडून आणावी लागते.

आता 'वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत' हा नियम तिने आणला कुठून? शाळेत हा कुणी शिकवत नाही. तिलाच विचारलं, तर तिने दप्तरातून साप्ताहिक चाचणीचा पेपर काढला. पहिल्या प्रश्नाशेजारी लाल शाईत ३/५, दुसऱ्याशेजारी ४/५, आणि वरच्या कोपऱ्यात गोल करून ७/१०.

"सर असंच करतात."

आणि सर बरोबरच करतात. ५ पैकी ३ आणि ५ पैकी ४ मिळून १० पैकी ७ हेच होतात. तीच आडवी रेघ, तेच अंक, वर गुण, खाली एकूण. ज्या नियमाला आपण चूक म्हणतो तो तिच्या दप्तरात दर आठवड्याला लाल शाईत, गोल करून येत होता. क्रिकेटमध्येही हेच चालतं: एका डावात १२ चेंडूंत ९ आणि दुसऱ्यात २० चेंडूंत १५, मिळून ३२ चेंडूंत २४.

फरक एवढाच, की गुणांमध्ये 'पूर्ण' वाढत जातं. पहिला प्रश्न ५ चा, दुसरा ५ चा, दोन्ही मिळून पेपर १० चा. मिरचीत तसं होत नाही. पाव किलो असो की अर्धा, दोन्ही एकाच किलोतले, आणि बेरीजही त्याच किलोत सांगायची. अपूर्णांक म्हणून ३/५ + ४/५ करायचं तर पूर्ण एकच राहतं. उत्तर येतं ७/५, म्हणजे १ पूर्णांक २/५. तिची सगळी चूक एका प्रश्नाच्या अभावी होत होती: हा हिस्सा कशाचा? त्यामुळे "तुझा नियम चुकीचा" असं तिला कधी सांगितलं नाही. तो गुणांना चालतो, इथे का चालत नाही, एवढंच तिच्याकडून बोलून घ्यायचं ठरवलं.

भाकरी का टाळली

अपूर्णांक म्हटलं की फळ्यावर वर्तुळ येतं. भाकरी म्हणा, पिझ्झा म्हणा. या मुलीला चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे दोन भाग करून एक रंगवला, दुसरीचे तीन करून एक रंगवला. मग मोजलं: एकूण तुकडे पाच, रंगवलेले दोन. "२/५. बरोबर आलं की."

चित्राने चूक पकडली नाहीच, उलट तिच्यावर शिक्का मारला. दोन वेगळ्या भाकऱ्या काढल्या की पूर्ण दोन होतात आणि मूल तुकडे मोजतं. तुकडे लहान-मोठे आहेत याकडे त्याचं लक्ष जात नाही, कारण मोजायला शिकवलेलं असतं तेव्हा गोट्या, काड्या, मणी सगळे सारखेच असतात. शिवाय वर्तुळाचे तीन किंवा पाच सारखे भाग हाताने करणं मोठ्यांनाही जमत नाही. दोन-चार भागांसाठी ठीक, त्यापुढे वर्तुळ नको, असं माझं मत आहे.

ही अडचण एका मुलीची नाही, एका वस्तीचीही नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, की १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणजे उत्तर दोनच्या जवळ. २ निवडणारी मुलं फक्त २४ टक्के निघाली. १९ आणि २१ निवडणारी मिळून निम्म्याहून जास्त होती. म्हणजे वरचे वरच्यांत किंवा खालचे खालच्यांत. अपूर्णांकाकडे एक संख्या म्हणून न बघता एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या म्हणून बघायचं, हेच तिथेही झालं होतं.

बारा चौकटींची पट्टी

चौकटीच्या वहीतून एक ओळ कापून पट्टी करायची, ती पट्टी म्हणजे 'एक', आणि एका उदाहरणाला एकच पट्टी. एवढंच साधन वापरलं. दुसरी पट्टी घ्यायला मनाई. पूर्ण एकच आहे हे सांगत बसण्यापेक्षा हे बरं.

किती चौकटींची कापायची ते तिच्यावर सोडलं. तिने दहा घेतल्या, कारण दहा सोपे. अर्ध्या पाच झाल्या. तिसरा हिस्सा करायला गेली तर तीन त्रिक नऊ आणि एक चौकट उरली. ती फाडून तिचे तीन करायला निघाली होती! हे थोडं विषयांतर आहे असं कुणी म्हणेल, पण ही अडचण एकेकाळी सगळ्या देशाने एका रात्रीत ओढवून घेतली. जुन्या रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा नेमका ६४ पै, ५ आणे ४ पै, निघत असे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशोब फार सोपा झाला, पण तीन भावांत रुपया सारखा वाटायची सोय गेली.

दहा टाकून तिने बारा घेतल्या. अर्ध्या सहा, तिसरा हिस्सा चार, दोन्ही एकाच पट्टीवर लागोपाठ रंगवल्या. बारातल्या दहा. १०/१२. मग दोन-दोन चौकटींची जोडी करून सहातल्या पाच, ५/६.

इथे थांबून तिचं जुनं उत्तर काढलं. याच पट्टीवर २/५ कुठे येईल? बाराचा पाचवा हिस्सा दोन चौकटी आणि वर थोडं. असे दोन हिस्से, म्हणजे पाच चौकटींच्याही आत. तिने तिथे बोट ठेवलं आणि मग नुसत्या अर्ध्याच्या सहा चौकटी मोजल्या.

"हे तर अर्ध्याहून कमी आलं."

"मग?"

"अर्ध्यात मिळवलंय ना? मिळवून कमी कसं होईल?"

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो तिने स्वतःला विचारला. यानंतर एक शिस्त लावली: उदाहरण सोडवण्याआधी समासात दोन शब्दांत अंदाज लिहायचा. अर्ध्याच्या आत की बाहेर, एकाच्या आत की बाहेर. ५/८ + ४/७ साठी तिने लिहिलं 'एकाबाहेर', आणि कारणही सांगितलं: आठचे अर्धे चार, इथे पाच आहेत, सातचे अर्धे साडेतीन, इथे चार आहेत, दोन अर्ध्यांहून जास्त म्हणजे एकाहून जास्त. छप्पन्न चौकटींची पट्टी कापायची गरज उरली नाही. ३५/५६ + ३२/५६ = ६७/५६, म्हणजे १ पूर्णांक ११/५६. पट्टी जेवढ्या लवकर सुटेल तेवढं चांगलं. पण ती सुटायची अंदाज बसल्यावर.

याला वेळ लागतो, आणि परीक्षेच्या तोंडावर तो कुणालाच द्यायचा नसतो. "हे समासातलं कशाला, त्याला मार्क आहेत का?" असं वर्गातल्या दुसऱ्या मुलाने विचारलं. मार्क नाहीत. पण पाऊणातून अर्धा जाऊन एक उरणार नाही, याची खात्री करायला आतापर्यंत दुसरी स्वस्त युक्ती सापडलेली नाही.

लसाविची रीत तिला आधीपासून येत होती, शिडी मांडून, मूळ अवयव पाडून. त्या रीतीचा अपूर्णांकांशी काही संबंध आहे हे माहीत नव्हतं. "बाराशिवाय कोणती पट्टी चालली असती?" या प्रश्नावर तिने सहा, अठरा, चोवीस शोधल्या, आणि मग म्हणाली, "म्हणजे लसावि म्हणजे सगळ्यात छोटी पट्टी." वहीत तेवढंच लिहिलं. व्याख्या पाठ करून घेतली नाही.

तिरकस गुणाकार

मधेच एक नवीन पाहुणा आला. खासगी क्लासला जाणाऱ्या मैत्रिणीने तिला तिरकस गुणाकार शिकवला: याचा अंश गुणिले त्याचा छेद, त्याचा अंश गुणिले याचा छेद, मिळवा, खाली छेदांचा गुणाकार. उत्तर बरोबर येतं आणि लसाविची कटकट नाही. तिला ते फारच आवडलं.

या रीतीला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० साली, समच्छेद करायला आधी हीच रीत दिली आहे: एकमेकांच्या छेदांनी अंश आणि छेद दोन्ही गुणा. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शहाण्यांसाठी छोटी वाट आहे: छेदांना आधी त्यांच्या समान अवयवाने भागा आणि उरलेल्या संख्यांनी एकमेकांना गुणा. ३/४ + १/६ घ्या. सरळ तिरकस केलं तर १८/२४ + ४/२४ = २२/२४, मग संक्षेप करून ११/१२. छोट्या वाटेने चार आणि सहाला दोनने भागलं, उरले दोन आणि तीन. ३/४ ला तीनने गुणलं की ९/१२, १/६ ला दोनने गुणलं की २/१२. उत्तर तेच ११/१२, आकडे लहान.

रीतीत खोट नाही. ती मुलांपर्यंत पोचताना 'समच्छेद' हा शब्द वाटेत गळतो, खोट तिथे आहे. नुसत्या फुल्या मारायला शिकलेली ही मुलगी २/७ + ३/७ लाही (१४ + २१)/४९ = ३५/४९ करू लागली. संक्षेप केल्यावर ५/७ आलं, चूक म्हणता येईना. पण सातमांश आणि सातमांश मिळवायला एकोणपन्नासात जावं लागतं असं तिला वाटत होतं. आणि १/२ + १/३ + १/४ दिल्यावर फुली कुठे मारायची ते कळेना. परत बाराची पट्टी काढली: सहा, चार, तीन, एकूण तेरा. १३/१२. "पट्टीच्या बाहेर गेलं," ती म्हणाली, आणि समासात आधीच 'एकाबाहेर' लिहिलेलं होतं.

हातचा दहाचा

बेरीज बसल्यावर वजाबाकी आपोआप येईल असं वाटतं. समच्छेद करण्यापर्यंत आलीही. अडलं ते पूर्णांकयुक्त अपूर्णांकांवर.

३ पूर्णांक १/४ − १ पूर्णांक २/३. समच्छेद केल्यावर ३ पूर्णांक ३/१२ − १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून पहिल्यांदा तिने सरळ उलटं केलं, आठातून तीन: २ पूर्णांक ५/१२. ही चूक बहुतेक मुलं करतात, आणि "मोठ्यातून छोटं वजा करायचं" हे लहानपणी आपणच सांगितलेलं असतं. ते लक्षात आणून दिल्यावर तिने हातचा घेतला. तीनाचे दोन केले आणि अंशात दहा मिळवले: २ पूर्णांक १३/१२. उत्तर १ पूर्णांक ५/१२.

दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आहे. एक पूर्ण मोडायचं हे तिला कळलंय. मोडल्यावर दहा तुकडे होतात असं तिला वाटतं, कारण आजवर तिने मोडलेलं प्रत्येक पूर्ण दशकाचं होतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: हा हिस्सा कशाचा?

इथे मात्र मार्केट कामाला आलं. तिच्या वडिलांच्या तोंडात डझन सहज असतो, हापूसचा भावही पेटीत किती डझन यावर बोलला जातो. "तीन डझन आणि तीन आंबे आहेत. एक डझन आणि आठ विकले." तिने एक डझन फोडला, तीन आणि बारा पंधरा, पंधरातून आठ गेले सात. एक डझन सात. मग कागदावर २ पूर्णांक १५/१२ − १ पूर्णांक ८/१२ = १ पूर्णांक ७/१२. 'फोडला' हा तिचाच शब्द, आणि त्यानंतर आमच्याकडे हातचा घेणं बंद होऊन पूर्ण फोडणं सुरू झालं.

ताळा घड्याळावर घेतला. सव्वातीन तास म्हणजे ३ तास १५ मिनिटं. एक पूर्णांक दोन तृतीयांश म्हणजे १ तास ४० मिनिटं. उरतो १ तास ३५ मिनिटं, आणि ७/१२ तास म्हणजे ३५ मिनिटंच. तिचं पहिलं उत्तर २ तास २५ मिनिटं झालं असतं, दुसरं १ तास २५. साठ हा आकडा २, ३, ४, ५, ६, १०, १२ अशा बहुतेक शाळकरी छेदांनी निःशेष भाग जाणारा, त्यामुळे ताळ्यासाठी घड्याळ चांगलं. सातमांश, नवमांश आले की उपयोगाचं नाही. २४ आणि १८ सारखे छेद आले की ती अजूनही अडते, पण ते पाढ्यांचं दुखणं आहे. त्याला पट्टीचं औषध नाही.

सहामाहीत अपूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्या तिला आल्या. दिवाळीनंतर शाळेत गुणाकार सुरू झाला आणि ती जवळजवळ तक्रार घेऊनच आली. १/२ × १/३ = १/६. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत.

"इथे चालतं. मग बेरजेत का नाही चालत?"

पट्टीवर तिसऱ्या हिश्शाच्या चार चौकटी रंगवायला सांगितल्या, मग त्यांचा अर्धा. दोन चौकटी. बारातल्या दोन म्हणजे १/६. हा अर्धा कशाचा, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "तिसऱ्या हिश्शाचा. पट्टीचा नाही." ते कळलं. पण पुढच्याच कागदावर घाईत एका बेरजेचे छेद पुन्हा मिळवले गेले, आणि समासातला अंदाज त्या ओळीला लिहिलेला नव्हता. गुणाकाराचा धडा चालू असेपर्यंत तिच्या प्रत्येक कागदावर बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार मिसळूनच द्यायचे ठरवले आहेत, वर शीर्षक न घालता.